महिना बारा डॉलर

१८९० साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या बेल्कनॅप या खेड्यातून, शेतावर राहणाऱ्या एका साठीच्या बाईने वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीकडे अर्ज केला. दुखणी दोन सांगितली होती: मूळव्याध आणि हृदयविकार. म्हणणं असं, की यादवी युद्धात आपण अठरा महिने नौदलात चाकरी केली, आता कष्टाचं काम होत नाही, तर सरकारने पेन्शन द्यावं. नवऱ्याच्या मागे विधवेला मिळतं ते नव्हे, स्वतःच्या चाकरीचं.

बाईचं नाव ॲन स्टोक्स. वर्णाने काळी, जन्माने गुलाम. नौदलात बायका नसतात, हे त्या काळी कुणाला सांगावंही लागत नव्हतं. तरी रीतीप्रमाणे नौदलाकडे विचारणा झाली, आणि नौदलाने उत्तर दिलं की होय, ही बाई आमच्या चाकरीत होती.

तिच्याबद्दल आज जे काही ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या अर्जामुळे आणि त्याआधी फसलेल्या एका अर्जामुळे. टेनेसी राज्यातल्या रदरफर्ड कौंटीत १८३० साली ती जन्मली. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांचे तक्ते वेगळे असत. वर मालकाचं नाव, खाली एकेका ओळीत वय, लिंग आणि रंग. गुलामाचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. त्यामुळे त्या तक्त्यांत ॲन असली तरी ती वीस किंवा तीस वर्षांची एक काळी बाई एवढीच असणार, नावाविना. नाव-गाव असलेलं माणूस म्हणून सरकारी कागदात ती शिरते ती थेट तिशी उलटल्यावर, एका जहाजावरून.

पेन्शन कचेरी काही इतिहास लिहायला बसलेली नव्हती. तिला लबाड अर्जदार गाळायचे होते. म्हणून ती विचारायची: जन्म कुठला, मालक कोण होता, लग्न कधी झालं, कुणी लावलं, साक्षीला कोण होतं, दुखणं केव्हापासून, त्याआधी तब्येत कशी होती. गोऱ्या, चार अक्षरं शिकलेल्या अर्जदाराने चर्चच्या वहीतला उतारा जोडला की बरेचसे प्रश्न तिथेच मिटत. गुलामीतून बाहेर पडलेल्यांपाशी असे उतारे नव्हतेच. मग खास तपासनीस गावात यायचा, शेजाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या, जहाजावरच्या किंवा पलटणीतल्या सोबत्यांच्या जबान्या घ्यायचा, एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून पाहायचा. परिणाम मोठा विचित्र झाला. ज्यांच्यावर सरकारचा भरवसा सगळ्यांत कमी, त्यांच्याच फाइली बहुतेकदा सगळ्यांत जाड झाल्या. गुलामांच्या घरगुती आयुष्यावर काम करणारे अमेरिकी इतिहासकार आज याच फाइलींवर विसंबून आहेत. सरकारने संशय घेतला नसता तर त्यांना लिहायला फारसं काही उरलं नसतं.

ॲनच्या कथेला सुरुवात होते १८६३ च्या जानेवारीत. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला होता, पण त्यातून टेनेसी राज्य वगळलं होतं. म्हणजे तिच्या जन्मराज्यातले गुलाम त्या कागदाने मोकळे झाले नाहीत. ३१ डिसेंबर ते २ जानेवारी या तीन दिवसांत तिच्या जन्माच्या कौंटीत, मर्फ्रीजबरोजवळ, स्टोन्स नदीची मोठी लढाई झाली. याच जानेवारीत ॲन उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, एका जहाजावर 'कॉन्ट्राबँड' म्हणून घेतली गेली.

कॉन्ट्राबँड म्हणजे शत्रूकडून जप्त केलेला माल. १८६१ च्या मे महिन्यात बेंजामिन बटलर नावाच्या सेनापतीने, जो पेशाने वकील होता, ही शक्कल लढवली होती. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना परत मागायला मालकाचे लोक आले, तेव्हा त्याने सांगितलं की तुम्ही यांना मालमत्ता म्हणता ना, मग शत्रूची मालमत्ता जप्त करायचा युद्धात मला अधिकार आहे. माणसाला माल ठरवून मोकळं करण्याची ही तऱ्हा वकिलालाच सुचावी अशी होती.

नौदलाला अशी माणसं हवीच होती. नद्यांवर शेकडो जहाजं उतरवायची, तर कोळसा टाकायला, भांडी घासायला, दोर ओढायला हात कुठून आणायचे? २५ सप्टेंबर १८६१ रोजी नौदलमंत्री गिडियन वेल्स याने हुकूम काढला, की पळून आलेल्यांना भरती करून घ्यावं, पण 'बॉय' या हुद्द्याच्या वर नाही. पगार महिना दहा डॉलर आणि दिवसाचा एक शिधा. 'बॉय' म्हणजे जहाजावरचा पोऱ्या, एरवी मिसरूड न फुटलेल्या मुलांसाठी ठेवलेली जागा. पुढे हा नियम सैल झाला. पण ॲनची नोंद झाली ती याच खात्यात: 'फर्स्ट क्लास बॉय'. तेहेतीस वर्षांची बाई, नौदलाच्या वहीत पहिल्या दर्जाचा पोऱ्या. वहीत बायकांसाठी रकाना नव्हता, आणि नवा रकाना आखण्यापेक्षा तिला मुलगा करून टाकणं कारकुनाला सोपं गेलं असणार.

ती ज्या जहाजावर चढली त्याचं नाव 'रेड रोव्हर', आणि या जहाजाची हकिकत तिच्याइतकीच वळणावळणाची आहे. मिझुरीतल्या केप जिरार्डो इथे १८५९ साली बांधलेली ही दोन्ही बाजूंना चाकं असलेली आगबोट. युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेने ती विकत घेतली आणि एका तरंगत्या तोफखान्याच्या शिपायांना राहायला दिली. १८६२ च्या वसंतात मिसिसिपी नदीवरच्या आयलंड नंबर टेन या ठाण्यावर उत्तरेने तोफांचा मारा केला, त्यात तिला भोकं पडली. एप्रिलमध्ये ठाणं पडलं तेव्हा उत्तरेच्या 'माउंड सिटी' या तोफनौकेने ती ताब्यात घेतली. सेंट लुईसला नेऊन तिचं तरंगतं इस्पितळ करण्यात आलं. खर्चाला आणि सामानाला वेस्टर्न सॅनिटरी कमिशन ही लोकवर्गणीवर चालणारी संस्था धावून आली.

तिथे केलेल्या सोयींबद्दल वाचताना आजही नवल वाटतं. तीनशे टन बर्फ मावेल असं कोठार. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर रोगी चढवायला पाळणा. हातपाय कापायची वेगळी खोली. नऊ शौचकूप, न्हाणीघर, धुलाईघर. दोन स्वयंपाकघरं, एक आजाऱ्यांचं आणि एक धडधाकटांचं. खिडक्यांना जाळीदार कापडाचे पडदे, कारण स्वतःच्याच धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्या आणि काजळी रोग्यांच्या अंगावर पडायची. त्या काळच्या कितीतरी मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत एवढी सोय नव्हती.

जून १८६२ मध्ये रेड रोव्हर कामाला लागली आणि आठवड्याभरातच व्हाइट नदीवर सेंट चार्ल्सपाशी एक भयंकर प्रकार झाला. किनाऱ्यावरच्या तोफेचा एक गोळा एका तोफनौकेच्या वाफेच्या पिंपात घुसला. उकळत्या वाफेने आतले लोक भाजले, पाण्यात उड्या टाकणाऱ्यांवर काठावरून गोळ्या झाडल्या गेल्या. पावणेदोनशेच्या आसपास लोकांपैकी शंभराहून अधिक मेले. ती तोफनौका 'माउंड सिटी'. दोन महिन्यांपूर्वी जिने रेड रोव्हर पकडली होती तीच. तिचे भाजलेले खलाशी रेड रोव्हरच्या पहिल्या रोग्यांत होते.

२६ डिसेंबर १८६२ रोजी रेड रोव्हर रीतसर नौदलात दाखल झाली. अमेरिकी नौदलाचं हे पहिलं इस्पितळ-जहाज. दोनच दिवस आधी होली क्रॉस पंथाच्या काही नन परिचारिका म्हणून तिच्यावर आल्या होत्या. त्यांच्या हाताखाली काळ्या बायका होत्या. ॲलिस केनेडी, सॅरा किन्नो, एलन कॅम्बेल, बेट्सी यंग ही त्यांची नावं जहाजाच्या कागदांत राहिली आहेत. ॲन याच मंडळींत आली. नौदलाच्या परिचारिकांचा इतिहास सांगताना आता या सगळ्यांना आद्य म्हणतात. नौदलाचं रीतसर परिचारिका-दल निघालं ते १९०८ साली.

ॲन आली त्याच महिन्यात जहाज व्हाइट नदीवरच्या मोहिमेबरोबर होतं. फोर्ट हिंडमन पडल्यावर सैन्य माघारी फिरत असताना रेड रोव्हरवर गोळीबार झाला. दोन गोळे थेट रोग्यांच्या भागात घुसले, कुणाला लागलं नाही एवढंच. त्यानंतर फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत व्हिक्सबर्गची मोहीम. हे जहाज आरमाराचे आजारी आणि जखमी सांभाळत होतं, शिवाय इतर जहाजांना बर्फ, मांस आणि औषधं पुरवत होतं. त्या नद्यांवर शत्रूच्या तोफेपेक्षा हिवताप, हगवण आणि विषमज्वर यांनीच जास्त माणसं लोळवली. परिचारिकेचं काम म्हणजे मुख्यतः धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलून देणं आणि मेलेल्याचं अंथरूण पुढच्यासाठी तयार करणं. रेड रोव्हरवर युद्ध संपेपर्यंत दोन हजार चारशेहून अधिक रोगी आले. ॲनने हे काम ऑक्टोबर १८६४ पर्यंत केलं. मग अंगात त्राण उरलं नाही म्हणून तिने जहाज सोडलं.

जहाजावरच काम करणाऱ्या गिल्बर्ट स्टोक्स या काळ्या माणसाशी तिने लग्न केलं आणि दोघं इलिनॉयला आली. इलिनॉय हे लिंकनचं राज्य, गुलामी नसलेलं. पण १८५३ च्या तिथल्या कायद्याने बाहेरच्या काळ्या माणसाला राज्यात येऊन राहायला बंदी होती. आला तर दंड, आणि दंड भरला नाही तर त्याची मजुरी लिलावात काढायची मुभा. हा कायदा रेटून नेणारा आमदार होता दक्षिण इलिनॉयचा जॉन लोगन. युद्धात हाच लोगन उत्तरेचा नावाजलेला सेनापती झाला, आणि युद्धानंतर ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या माजी सैनिकांच्या बलाढ्य संघटनेचा प्रमुख. सैनिकांना पेन्शन वाढवून मिळावं म्हणून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, दबाव आणणारी ती हीच संघटना. माणसाचं कर्तृत्व एका रंगात रंगवता येत नाही, म्हणायचं ते एवढ्यासाठी. तो काळा कायदा फेब्रुवारी १८६५ मध्ये रद्द झाला.

गिल्बर्ट १८६६ मध्ये वारला. पुढच्या वर्षी ॲनने जॉर्ज बोमन याच्याशी लग्न केलं आणि बेल्कनॅपच्या शेतावर तिचा संसार सुरू झाला. नंतरच्या वीसेक वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गरिबांची बरी वर्षं सरकारी दफ्तरात उमटत नाहीत. अर्ज करायची पाळी आली की मगच ती माणसं पुन्हा दिसायला लागतात.

१८८० च्या दशकात ॲनने पहिला अर्ज केला. तो होता नवऱ्याच्या नात्याने. हे अगदी स्वाभाविक होतं, कारण पेन्शनच्या कायद्यात बाईला शिरायचं मुख्य दार तेच होतं. १४ जुलै १८६२ च्या मूळ कायद्याप्रमाणे साध्या शिपायाच्या किंवा खलाशाच्या विधवेला महिना आठ डॉलर मिळत, पण नवऱ्याचं मरण चाकरीतल्या जखमेने किंवा आजाराने आलं हे दाखवावं लागे. शिवाय दुसरं लग्न केलं की हक्क संपला. त्यावर १८८२ साली आणखी एक कलम आलं: विधवा कुणाबरोबर उघडपणे लग्नावाचून राहत असेल तर तिचं पेन्शन बंद. म्हणजे दुसरं लग्न केलं तरी गेलं आणि नाही केलं तरी गेलं. तपासनीस शेजाऱ्यांना विचारत फिरायचे, की हिच्या घरी कोण येतं-जातं. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देणाऱ्या आपल्याकडच्या पेन्शनरांनी कुरकुर करण्याआधी हे कलम वाचावं.

गुलामीतल्या लग्नांचा प्रश्न निराळाच. गुलामांची लग्नं कायद्याला मान्यच नव्हती, तर दाखला कुठला? १८६४ साली काँग्रेसने एवढी सवलत दिली, की काळ्या सैनिकाची विधवा नवरा-बायको म्हणून एकत्र राहिल्याची साक्ष देऊन हक्क सांगू शकेल. सवलत कागदावर चांगली होती. प्रत्यक्षात काय झालं त्याचा अंदाज डोनाल्ड शाफर या इतिहासकाराने फाइलींचा नमुना तपासून काढला आहे. अर्ज करणाऱ्या गोऱ्या माजी सैनिकांपैकी ९२ टक्क्यांना केव्हातरी पेन्शन मिळालं, काळ्यांपैकी ७५ टक्क्यांना. विधवांमध्ये गोऱ्या ८४ टक्के, काळ्या ६१ टक्के. काळ्यांना कमी द्यावं असं कायद्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. फरक पडला तो कागद, वकील आणि तपासनिसाची नजर यांच्यामुळे.

ॲनचा अर्ज नामंजूर झाला. तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

पुढची गोष्ट मला या सबंध हकिकतीत सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पन्नाशी उलटलेली ही बाई लिहायला-वाचायला शिकली. आणि दुसऱ्या अर्जात तिने नवऱ्याला बाजूला ठेवून स्वतःची चाकरी पुढे केली.

मधल्या काळात कायदाही बदलला होता. माजी सैनिकांची मतं आता निवडणुका जिंकून देऊ लागली होती. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँडने १८८७ मध्ये सढळ पेन्शनचं एक विधेयक नाकारलं आणि पुढच्या निवडणुकीत तो हरला. हरण्याची कारणं अनेक होती, त्यातलं हेही एक. त्याच्या जागी आलेल्या बेंजामिन हॅरिसनने २७ जून १८९० रोजी नव्या कायद्यावर सही केली. नव्वद दिवसांची चाकरी, सन्मानाने मिळालेली रजा, आणि अंगमेहनत होऊ नये असं दुखणं, एवढं पुरे. दुखणं युद्धातच जडलं हे सिद्ध करायची गरज उरली नाही; फक्त ते स्वतःच्या दुर्व्यसनांमुळे आलेलं नसावं. रक्कम महिना सहा ते बारा डॉलर. या एका सहीने खर्च एवढा फुगला, की १८९३ च्या सुमाराला केंद्र सरकारच्या उत्पन्नातले दर शंभरातले चाळीसेक डॉलर पेन्शनवर जात होते. या युद्धाचं शेवटचं पेन्शन २०२० साली थांबलं. ते एका सैनिकाच्या मुलीला मिळत होतं, महिना ७३ डॉलर १३ सेंट.

अर्ज जायचे ते वॉशिंग्टनमधल्या एका अवाढव्य लाल विटांच्या इमारतीत. माँटगोमेरी मेग्ज या लष्करी इंजिनियरने ती १८८७ मध्ये पुरी केली. दीड कोटीहून अधिक विटा. बाहेरून सगळ्या भिंतींवर भाजक्या मातीची नक्षीची पट्टी, बाराशे फूट लांब: पायदळ, घोडदळ, तोफखाना, जखमींच्या गाड्या, आणि होडी वल्हवणारे खलाशी. आत हजारावर कारकून. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायला छताजवळून रूळ टाकले होते, त्यावरून टोपल्या सरकायच्या. कारकुनांना ताजी हवा मिळावी म्हणून मेग्जने प्रत्येक खिडकीखाली विटा काढून झरोके ठेवले होते. नौदलाचा अर्ज आला की जहाजाचं नाव, भरतीची तारीख आणि हुद्दा लिहिलेली एक चिठ्ठी नौदलाकडे जायची. तिथे हजेरीपट उघडला जायचा आणि चाकरी खरी का खोटी त्याचं उत्तर यायचं. अर्जदाराला त्याच्या भागातल्या तीन डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहावं लागे. जुन्या कायद्याखाली हे डॉक्टर दुखण्याचं माप अठराव्या भागांत मोजत. म्हणजे अमुक माणूस सहा अठरांश निकामी. वकिलाची फी नव्या कायद्याने दहा डॉलरवर बांधून दिली होती.

त्या वेळी पेन्शन कचेरीचा मुख्य आयुक्त होता ग्रीन राउम. तो गोलकोंडा नावाच्या गावचा. आपल्याकडच्या गोवळकोंड्याची आठवण करून देणारं हे गाव इलिनॉयच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीच्या काठी आहे, ॲनच्या शेजारच्याच कौंटीत. त्याचा तिला काही उपयोग झाला असेल असं मानायला आधार नाही. लाखो अर्जांतला हा एक अर्ज होता.

ॲनचा अर्ज मंजूर झाला. महिना बारा डॉलर, म्हणजे नव्या कायद्याखाली मिळू शकणारी सगळ्यांत वरची रक्कम. नौदलातल्या स्वतःच्या चाकरीवर पेन्शन मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री असं इतिहासकार मानतात.

हे किती अवघड होतं ते तिच्या काळातल्या दुसऱ्या तिघांकडे पाहिलं की कळतं. सॅरा एडमंड्स ही गोरी बाई पुरुषाच्या वेशात पायदळात लढली होती. तिला १८८४ मध्ये बारा डॉलर मिळाले, पण त्यासाठी काँग्रेसला खास तिच्या नावाचा कायदा करावा लागला. हॅरिएट टबमन हिने गुलामांना पळवून आणलं, सैन्यासाठी हेरगिरी केली, जखमींची शुश्रूषा केली. तिला १८९५ साली मिळाले आठ डॉलर, तेही नेल्सन डेव्हिस या सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ मध्ये शुश्रूषेबद्दल वाढवून वीस केले; हेरगिरी कुणी हिशोबात धरली नाही. आणि रॉबर्ट स्मॉल्स. याने १८६२ च्या मे महिन्यात चार्ल्सटन बंदरातून दक्षिणेचं 'प्लँटर' जहाज बायकामुलांसकट पळवून उत्तरेच्या आरमाराला आणून दिलं, पुढे तो काँग्रेसचा सदस्यही झाला. तो नौदलाच्या पटावर रीतसर कधी नव्हताच, या कारणावरून त्याचं प्रकरण अडकून राहिलं. तीस डॉलरचं पेन्शन मिळायला १८९७ उजाडलं, आणि त्यालाही खास कायदाच लागला. हे तिघं जगप्रसिद्ध. ॲनमागे ना काँग्रेस होती ना वर्तमानपत्र. सैन्यातल्या परिचारिकांना बारा डॉलर देणारा कायदाही तिच्यानंतर, १८९२ मध्ये आला. तिच्या बाजूने होतं ते फक्त हजेरीपटावरचं नाव. त्या कारकुनाने तिला 'बॉय' लिहून घेतलं तेव्हा तिचा अपमानच झाला होता. पण 'धुणंवाली' किंवा 'मदतनीस' म्हणून वेगळ्या वहीत टाकलं असतं, तर सत्तावीस वर्षांनी तिला काहीच मिळालं नसतं. बॉय हा हुद्दा होता, आणि हुद्द्याला पेन्शन होतं.

या फाइलींचं मोल वाढायचं आणखी एक कारण आहे. १८९० च्या जनगणनेत माजी सैनिकांची आणि विधवांची वेगळी नोंद झाली होती. मुख्य जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेले. सैनिकांच्या तक्त्यांपैकी राज्यांच्या इंग्रजी वर्णक्रमात केंटकीच्या आधी येणारी बहुतेक राज्यं नाहीशी झाली. त्यात इलिनॉय आलं. म्हणजे ॲनने ज्या वर्षी अर्ज केला, त्या वर्षीचं तिच्या गावचं घरोघरचं चित्र आता उपलब्ध नाही. पेन्शनच्या फाइली मात्र नंतर राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या आणि टिकल्या. लाल विटांच्या त्या इमारतीत आज बांधकामकलेचं संग्रहालय आहे.

अशाच हजेरीपटांवरून हॉवर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी यादवी युद्धातल्या काळ्या खलाशांची यादी नावानिशी तयार केली. सुमारे अठरा हजार पुरुष आणि काही बायका. तोवर नौदलात काळे नक्की किती होते याचे नुसते अंदाजच चालले होते.

ॲन स्टोक्स १९०३ साली वारली. रेड रोव्हर त्याआधी कधीच संपली होती. नोव्हेंबर १८६५ मध्ये लिलावात तिचे साडेचार हजार डॉलर आले.

अमेरिकी नौदलात रीतसर भरती झालेली पहिली स्त्री म्हणून आजही लोरेटा वॉल्श हिचं नाव सांगतात, तारीख मार्च १९१७ मधली. वॉल्शचा मान कमी करायचं कारण नाही. पण त्याआधी चोपन्न वर्षं एका बाईचं नाव, हुद्दा आणि पगार नौदलाच्या पटावर होता. पुढे सरकारच्या सगळ्यांत संशयी खात्याने तो पट तपासून खरा मानला आणि स्वतःच्या तिजोरीतून त्यावर पैसे दिले. इतिहासाच्या पुस्तकातली तारीख बदलायला माझ्या मते तेवढा पुरावा पुरे आहे.